विधान परिषद कशासाठी? दोन सभागृहांच्या कारभाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत नागरिकशास्त्र शिकताना 'द्विगृही विधिमंडळ' हा शब्द आपण सगळ्यांनीच पाठ केला आणि परीक्षा झाल्यावर विसरलो. मग एखाद्या संध्याकाळी टीव्हीवर 'पहिल्या पसंतीची २३ मतं', 'राज्यपालनियुक्त बारा', 'परिषदेवर वर्णी' असं काहीतरी सुरू होतं आणि घरातलं कोणीतरी विचारतं, "हे नक्की काय असतं रे?" ओळखीच्यांकडून मला हे प्रश्न इतक्या वेळा आले आहेत की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. उदाहरणं महाराष्ट्राचीच घेतली आहेत. गरज पडली तिथे दिल्लीत आणि आंध्रात डोकावलो आहे.

दोन सभागृहं म्हणजे नेमकं काय?

महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे तीन भाग आहेत: राज्यपाल, विधानसभा आणि विधान परिषद. विधानसभेत २८८ आमदार असतात आणि ते तुमच्या-आमच्या थेट मतांवर निवडून येतात. परिषदेत ७८ आमदार असतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण कधीच मत दिलेलं नसतं. विधानसभेला खालचं किंवा कनिष्ठ सभागृह म्हणतात, परिषदेला वरचं किंवा वरिष्ठ. नावावर जाऊ नका. अधिकार सगळे खालीच आहेत.

कायदा करायचा तर विधेयक दोन्हीकडे मांडायचं, दोन्हीकडे चर्चा करायची, दोन्हीकडून मंजूर करून घ्यायचं आणि मग ते राज्यपालांच्या सहीला जाणार, अशी रीत आहे. एकाने घाईत काही केलं तर दुसऱ्याने ते पुन्हा वाचून बघावं, हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात दुसरं वाचन किती मन लावून होतं, तो वेगळा मुद्दा. मराठा आरक्षणाचं विधेयक २० फेब्रुवारी २०२४ला एकाच दिवसाच्या विशेष अधिवेशनात दोन्ही सभागृहांतून एकमताने पार पडलं होतं.

मग सगळ्याच राज्यांत परिषद का नाही?

कारण घटनेने ती सक्तीची केलेली नाही. आज सहा राज्यांत परिषद आहे: महाराष्ट्र, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा. जम्मू-काश्मीरची परिषद २०१९मध्ये राज्याच्या पुनर्रचनेत गेली.

एक गंमत सांगतो. इंग्रजांच्या १९३५च्या कायद्यानेही सहाच प्रांतांना दुसरं सभागृह दिलं होतं: मुंबई, मद्रास, बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार आणि आसाम. आकडा तोच राहिला, यादी बदलली. मुंबई, उत्तर प्रदेश आणि बिहार एवढीच नावं दोन्हीकडे सापडतात. मद्रास म्हणजे आजच्या तमिळनाडूने १९८६मध्ये परिषद रद्द केली, पश्चिम बंगालने १९६९मध्ये.

परिषदेतले ७८ जण येतात कुठून?

पाच वाटांनी येतात.

३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात. २२ जणांना स्थानिक स्वराज्य संस्था, म्हणजे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती असे लोक निवडतात. ७ जण पदवीधर मतदारसंघांतून आणि ७ शिक्षक मतदारसंघांतून येतात. उरलेल्या १२ जणांना राज्यपाल नियुक्त करतात.

घटनेच्या १७१व्या अनुच्छेदात एक तृतीयांश, एक तृतीयांश, एक द्वादशांश, एक द्वादशांश आणि बाकीचे नियुक्त असं प्रमाण आहे, पण ते 'शक्य तितकं जवळपास' पाळायचं आहे. म्हणूनच आपल्याकडे २६-२६ न होता ३० आणि २२ अशी वाटणी चालते. शिवाय परिषद विधानसभेच्या एक तृतीयांशापेक्षा मोठी असू नये, असंही तिथे म्हटलं आहे. त्या हिशेबाने महाराष्ट्राला ९६पर्यंत जाता आलं असतं.

या वाटा नीट पाहिल्या तर परिषद कोणासाठी कल्पिली होती ते कळतं: शिकलेले लोक, शिक्षक, गावगाडा चालवणारे आणि निवडणुकीच्या धुळीत न उतरणारे कलावंत-विचारवंत. त्यातली पदवीधरांची वाट १९५०मध्ये फार अरुंद होती, कारण पदवीधर मूठभर होते. आज प्रत्येक गल्लीत चार असतात.

स्थानिक संस्थांच्या जागा मध्यंतरी रिकाम्या का होत्या?

मतदारच नव्हते म्हणून. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या मुदती २०२२च्या सुमारास संपल्या आणि बहुतेक ठिकाणी प्रशासक बसले. नगरसेवकच नाहीत तर मत कोण देणार? जसजसे जुने सदस्य निवृत्त होत गेले, तसतशा या गटातल्या जागा रिकाम्या पडत गेल्या. गावपातळीवरची निवडणूक अडली की वरच्या सभागृहालाही भोक पडतं. ही गोष्ट मला स्वतःला तेव्हाच पहिल्यांदा जाणवली.

'कोटा' आणि 'पहिल्या पसंतीची मतं' म्हणजे काय?

आमदार ज्या ३० जणांना निवडतात, त्यांची निवडणूक दर दोन वर्षांनी थोड्या-थोड्या जागांसाठी होते. तिथे 'सर्वात जास्त मतं तो विजयी' असा नियम नाही. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो आणि निवडून यायला एक ठरावीक कोटा लागतो.

हिशेब सोपा आहे. जुलै २०२४मध्ये ११ जागा होत्या आणि २७४ आमदार मतदार होते. जागांमध्ये एक मिळवून त्याने भागायचं: २७४ भागिले १२, म्हणजे २२.८३. म्हणून पहिल्या पसंतीची २३ मतं मिळाली की उमेदवार सुरक्षित. ज्याला कोट्याहून जास्त मतं पडतात, त्याची जादा मतं त्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीकडे सरकतात. जो तळाला राहतो तो बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. कोटा भरेपर्यंत हे चालू राहतं. त्या वेळी रिंगणात १२ उमेदवार होते आणि शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील पडले.

या पद्धतीत पक्षाच्या हातात २३-२३चे गठ्ठे असतात आणि शेवटचा गठ्ठा नेहमी अपुरा असतो. तो भरायला अपक्ष लागतात, छोटे पक्ष लागतात आणि कधी समोरच्या पक्षातले नाराज लागतात. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. परिषदेत मात्र मतदान गुप्त आहे. 'घोडेबाजार' हा शब्द परिषदेच्या निवडणुकीला इतका का चिकटला आहे, ते इथे समजतं.

सर्वात गाजलेलं उदाहरण २० जून २०२२चं. १० जागा, ११ उमेदवार आणि २८५ मतदार, कारण एका आमदाराचं निधन झालं होतं आणि तुरुंगात असलेल्या दोघांना मतदानाची परवानगी मिळाली नव्हती. कोटा २६चा. भाजपकडे चार उमेदवारांपुरती मतं होती, निवडून आले पाच. काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. सत्ताधारी आघाडीची मतं फुटली हे रात्री मोजणीतच उघड झालं आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतकडे निघाले. ३० जूनला ते मुख्यमंत्री होते. परिषदेला सरकार पाडायचा अधिकार नाही, पण परिषदेच्या मतपेटीने आधी इशारा दिला होता.

राज्यपालनियुक्त बारा जण कोण असतात?

साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतला विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेले लोक, असं घटना म्हणते. राज्यसभेवर राष्ट्रपती जे १२ जण नेमतात, त्यांच्या यादीत 'सहकार चळवळ' नाही. राज्यांसाठी ती मुद्दाम घातलेली आहे. साखर कारखाने, सूतगिरण्या आणि जिल्हा बँकांच्या महाराष्ट्राला हा शब्द किती सोयीचा पडला असेल, ते सांगायला नको.

या वाटेने चांगली माणसं आली, हे खरं आहे. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर हे दोघे कवी राज्यपालनियुक्त सदस्य होते. महानोर तर शेती आणि पाण्याच्या प्रश्नांवर बोलणारे शेतकरी कवी. त्यांच्यासारख्या माणसाने विधानसभेचं तिकीट मागितलं असतं तर मिळालं असतं का, असा विचार केला की नियुक्तीची कल्पना पटते. पुढे मात्र यादीत कवी कमी आणि पक्षाचे कार्यकर्ते जास्त दिसू लागले.

राज्यपाल स्वतःच्या मनाने नेमत नाहीत, मंत्रिमंडळ नावं सुचवतं. म्हणूनच नोव्हेंबर २०२०चं प्रकरण एवढं गाजलं. महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने १२ नावं राजभवनात पाठवली आणि राज्यपाल भगतसिंह कोश्यारींनी त्यावर होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ऑगस्ट २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की निर्णय वाजवी वेळेत घेणं हे राज्यपालांचं घटनात्मक कर्तव्य आहे. तरीही यादी तशीच पडून राहिली. सरकार बदललं, नव्या सरकारने जुनी यादी मागे घेतली. शेवटी १५ ऑक्टोबर २०२४ला, विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली त्याच दिवशी, ७ जणांचा शपथविधी झाला. चार वर्षं बारा खुर्च्यांचा वाद चालला आणि त्या काळात परिषदेचं काही अडलं नाही. यातून काय समजायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

परिषदेने विधेयकाला नकार दिला तर काय होतं?

माझ्या मते या सगळ्या विषयातला खरा प्रश्न हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक परिषदेकडे गेलं की परिषद चार गोष्टी करू शकते. मंजूर करणं, फेटाळणं, दुरुस्त्या सुचवणं किंवा नुसतंच ठेवून देणं. ठेवून देण्याला मुदत आहे तीन महिन्यांची. त्यानंतर, किंवा परिषदेने विधेयक फेटाळलं तर, किंवा परिषदेच्या दुरुस्त्या विधानसभेला मान्य नसतील तर, विधानसभा ते पुन्हा मंजूर करून दुसऱ्यांदा पाठवते. या वेळी परिषदेला एकच महिना मिळतो. तो संपला, किंवा परिषदेने पुन्हा नकार दिला, तरी विधेयक 'दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं' असं मानलं जातं. घटनेचा १९७वा अनुच्छेद असं सांगतो.

थोडक्यात परिषदेच्या हातात साधारण चार महिने आहेत. उलट दिशेने तेवढंही नाही. परिषदेत आधी मांडलेलं विधेयक विधानसभेने फेटाळलं तर तिथेच विषय संपतो.

पुस्तकातला हा नियम प्रत्यक्षात बघायचा असेल तर आंध्र प्रदेशात जावं लागेल. जानेवारी २०२०मध्ये जगनमोहन रेड्डी सरकारने विशाखापट्टणम, अमरावती आणि कर्नूल अशा तीन राजधान्यांसाठी विधेयकं आणली. विधानसभेत त्यांचं प्रचंड बहुमत, परिषदेत मात्र विरोधी तेलुगू देसमचं. परिषदेच्या सभापतींनी विधेयकं प्रवर समितीकडे, म्हणजे बारकाईने छाननी करणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, पाठवायचं ठरवलं. सरकार एवढं चिडलं की २७ जानेवारीला विधानसभेने परिषदच रद्द करावी असा ठराव केला. पण ठराव झाला म्हणून परिषद लगेच जात नाही, तिला रद्द करायला संसदेचा कायदा लागतो. जूनमध्ये विधानसभेने विधेयकं दुसऱ्यांदा मंजूर करून पाठवली, परिषद त्यांना हात न लावता उठली, महिना संपला आणि ३१ जुलैला राज्यपालांची सही झाली. परिषदेने जेमतेम सहा महिने मिळवले. पण त्या सहा महिन्यांत राजधानीसाठी जमिनी दिलेले अमरावतीचे शेतकरी रस्त्यावर होते, प्रकरण न्यायालयात पोचलं होतं आणि नोव्हेंबर २०२१मध्ये सरकारने तो कायदाच मागे घेतला. परिषद रद्द करण्याचा ठरावही त्याच महिन्यात मागे घेतला. तोवर परिषदेत सरकारी पक्षाचं संख्याबळ वाढलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

उशीर करण्याचा अधिकार म्हणजे काहीच नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा अमरावतीच्या शेतकऱ्यांना विचारावं.

दोन सभागृहांत वाद झाला तर संयुक्त बैठक का घेत नाहीत?

ती सोय फक्त संसदेत आहे. लोकसभा आणि राज्यसभेचं जमलं नाही तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावतात. आजवर तीनदाच तसं झालं: हुंडाबंदी विधेयकासाठी १९६१मध्ये, बँक सेवा आयोग रद्द करण्यासाठी १९७८मध्ये आणि पोटा कायद्यासाठी २००२मध्ये. राज्यात ती तरतूदच नाही, कारण शेवटचा शब्द विधानसभेचाच असतो. वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात राज्यपाल दोन्ही सभागृहांपुढे अभिभाषण करतात तेव्हा सगळे एकत्र बसतात खरे, पण तिथे मतदान नसतं.

दोन्हीकडचे सदस्य मिळून खरं काम करतात ते संयुक्त समितीत. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४मध्ये अशाच समितीकडे गेलं. लोकांकडून १२ हजारांहून जास्त सूचना आल्या, मसुद्यात काही बदल झाले आणि जुलै २०२५मध्ये ते लागोपाठच्या दोन दिवसांत आधी विधानसभेत आणि मग परिषदेत मंजूर झालं. तो कायदा असावा की नसावा यावर माझं मत आहे, पण ते इथे लिहिण्याची जागा नाही. सांगायचं एवढंच की चर्चा सभागृहात कमी आणि समितीत जास्त होते, आणि समितीच्या कामकाजाकडे कॅमेरे नसतात.

अर्थसंकल्प परिषदेतही मांडतात ना?

मांडतात. अर्थमंत्री विधानसभेत वाचतात, त्याच वेळी परिषदेत राज्यमंत्री वाचतात. पण खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर मतदान विधानसभेतच होतं. धनविधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, परिषदेत आधी मांडताच येत नाही. तिथे ते आलं की १४ दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींविना परत करायचं. शिफारशी स्वीकारायच्या की नाही, ते विधानसभा ठरवते.

परिषद सरकार पाडू शकते का?

नाही. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं, म्हणून अविश्वास आणि विश्वासदर्शक ठराव तिथेच होतात. परिषदेत प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचे मुद्दे, गदारोळ, सभात्याग हे सगळं होतं. सरकार पडत नाही.

मग मुख्यमंत्री परिषदेतून कसे होतात?

मंत्री व्हायला दोन्हीपैकी कुठल्याही सभागृहाचं सदस्यत्व चालतं. कोणत्याच सभागृहात नसलेल्या माणसालाही मंत्री करता येतं, पण सहा महिन्यांत त्याने सदस्य व्हायला हवं. पृथ्वीराज चव्हाण नोव्हेंबर २०१०मध्ये दिल्लीहून आले तेव्हा राज्यसभेत होते, नंतर ते परिषदेवर गेले.

उद्धव ठाकऱ्यांची गोष्ट जास्त नाट्यमय आहे. शपथ २८ नोव्हेंबर २०१९ची, म्हणजे मेच्या अखेरीस मुदत संपणार. एप्रिलमध्ये परिषदेच्या ९ जागा रिकाम्या होणार होत्या, त्यातून सहज निवडून येता आलं असतं, पण करोना आला आणि निवडणुका पुढे गेल्या. मंत्रिमंडळाने राज्यपालांना त्यांच्या नियुक्तीची शिफारस केली, तिच्यावर निर्णय झाला नाही. शेवटी राज्यपालांनीच निवडणूक आयोगाला पत्र लिहिलं, आयोगाने टाळेबंदीत निवडणूक घ्यायला परवानगी दिली आणि १४ मेला नऊही जण बिनविरोध निवडून आले. १८ मेला शपथ झाली. दहा दिवसांचाही वेळ उरला नव्हता. राजीनामा देऊन पुन्हा सहा महिन्यांसाठी शपथ घ्यायची पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्येच बंद केली होती.

'अध्यक्ष' आणि 'सभापती' एकच का?

नाही, आणि वर्तमानपत्रंही कधीकधी चुकतात. विधानसभेला अध्यक्ष असतात, परिषदेला सभापती. दोघांना आपापल्या सभागृहातले सदस्य निवडतात. दिल्लीत उपराष्ट्रपती हे आपोआप राज्यसभेचे सभापती होतात, तसं राज्यात नाही. सभापतींना हटवताही येतं. मार्च २०१५मध्ये काँग्रेसचे शिवाजीराव देशमुख अविश्वास ठरावाने गेले. तो ठराव त्यांच्याच जुन्या मित्रपक्षाने, राष्ट्रवादीने आणला होता आणि भाजपने पाठिंबा दिला होता. मग रामराजे नाईक-निंबाळकर सभापती झाले.

डॉ. आंबेडकर 'मुंबई काउन्सिल'मध्ये होते, म्हणजे विधान परिषदेत होते ना?

इथे गोंधळ होतो. बाबासाहेब १९२७पासून ज्या काउन्सिलमध्ये होते, ते तेव्हाच्या मुंबई इलाख्याचं एकमेव सभागृह होतं. त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ला मुंबईच्या टाउन हॉलमध्ये झाली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा १९२३चा सी. के. बोले यांचा ठराव, ज्याच्या आधारावर पुढे महाडचा सत्याग्रह झाला, तोही याच काउन्सिलचा. दोन सभागृहं झाली १९३७मध्ये: १७५ सदस्यांची असेंब्ली आणि तिशीच्या घरातली काउन्सिल. तेव्हा बाबासाहेब असेंब्लीत निवडून गेले. म्हणजे आजच्या भाषेत ते विधानसभेचे आमदार होते.

परिषद बरखास्त होते का?

होत नाही. ती कायमची आहे. सदस्याची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश निवृत्त होतात. म्हणून विधानसभेत लाट येऊन सगळं उलटंपालटं झालं तरी परिषदेत काही वर्षं जुन्याच पक्षांचं बळ दिसतं. २०१४नंतर युती सरकारला हे चांगलंच जाणवलं, कारण परिषदेत आघाडीचे आमदार जास्त होते.

परिषदेचे आमदार राष्ट्रपती निवडणुकीत मत देतात का? महिला आरक्षण तिथे लागू आहे का?

दोन्ही उत्तरं नाही. राष्ट्रपतींना निवडून आलेले खासदार आणि विधानसभेचे निवडून आलेले आमदार निवडतात, राज्यसभेलाही विधानसभेचेच आमदार मत देतात. २०२३ची महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभा आणि विधानसभांपुरती आहे. वय मात्र लक्षात ठेवा: विधानसभेला २५, परिषदेला ३०.

गोव्यात परिषद का नाही?

गोव्याची विधानसभा ४० जणांची. घटना म्हणते, परिषद विधानसभेच्या एक तृतीयांशाहून मोठी नको आणि कोणत्याही परिस्थितीत ४०पेक्षा लहान नको. म्हणजे गोव्यात परिषद काढली तर ती विधानसभेएवढीच होणार! छोट्या राज्यांचा विषय घटनेच्या गणितातच मिटतो.

परिषद म्हणजे पडलेल्या नेत्यांचं पुनर्वसन केंद्र, हे खरं आहे ना?

बऱ्याच अंशी खरं आहे. तिकीट कापलं, निवडणूक हरली, दुसऱ्या पक्षातून आले, मुलाला आमदार करायचं आहे, या सगळ्यांना परिषदेचं आश्वासन दिलं जातं. वेतन-भत्ते दोन्हीकडे सारखे आणि मतदारसंघात रोज तोंड दाखवायची सक्ती नाही.

पण वि. स. पागे नावाचा एक माणूस मला हे पूर्ण मान्य करू देत नाही. १९६०पासून १९७८पर्यंत, म्हणजे अठरा वर्षं, ते परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला १९६५मध्ये त्यांच्या कल्पनेतून रोजगाराची एक प्रायोगिक योजना सुरू झाली: काम मागेल त्याला काम द्यायचं. १९७२च्या दुष्काळात त्या कल्पनेवर राज्यभर कामं निघाली, १९७७मध्ये कायदा झाला आणि तीन दशकांनी देशाच्या रोजगार हमी कायद्याला तिचाच आधार मिळाला. पागे सत्तेच्या खुर्चीत नव्हते, त्यांच्याकडे खातं नव्हतं, निधी नव्हता. त्यांच्याकडे वेळ होता आणि त्यांचं कोणीतरी ऐकत होतं. परिषदेची रचना अशाच माणसासाठी केलेली आहे. तिथे कोणाला पाठवायचं हे पक्ष ठरवतात, म्हणून दोष खोलीला द्यायचा की पाठवणाऱ्यांना, हे मी अजून ठरवलेलं नाही.

महाराष्ट्राची परिषद रद्द करता येईल का?

येईल. विधानसभेने एकूण सदस्यांच्या बहुमताने आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांशाने ठराव करायचा, मग संसद साध्या बहुमताने कायदा करते. घटनादुरुस्ती लागत नाही. परिषद नव्याने आणायलाही हीच रीत. आंध्रात एन. टी. रामाराव यांच्या काळात १९८५ला परिषद गेली आणि २००७ला परत आली. आपल्याकडे हा विषय कोणताच पक्ष मनापासून काढत नाही, कारण ७८ खुर्च्या सर्वांनाच लागतात.

मी पदवीधर आहे. मला मत देता येईल का? कसं?

येतं, आणि निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर असे सात पदवीधर मतदारसंघ आहेत, शिक्षकांचेही याच भागांचे सात. पदवी मिळून १ नोव्हेंबरच्या अर्हता दिनांकाआधी तीन वर्षं झालेली हवीत आणि तुम्ही त्या मतदारसंघात राहत असायला हवं. नाव नोंदवायला पदवीधरांना नमुना १८चा अर्ज, शिक्षकांना नमुना १९चा. शिक्षकासाठी अट अशी की मागच्या सहा वर्षांत मिळून तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं असावं. प्राथमिक शिक्षकांना मत नाही, ही त्यांची जुनी तक्रार आहे आणि रास्त आहे. उमेदवार मात्र पदवीधर असायलाच हवा असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२मध्येच तसं सांगितलं आहे.

दर निवडणुकीला यादी नव्याने बनते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल, असं धरून बसू नका. माझं एकदा असंच गेलं.

मतदानाला यंत्र नसतं, कागद असतो. आवडत्या उमेदवारापुढे १ हा आकडा लिहायचा, वाटल्यास पुढच्यांना २, ३. आकडे एकाच भाषेत लिहायचे. टिकमार्क नको, फुली नको, सही तर मुळीच नको. मी पहिल्या मतदानाला सवयीने खिशातला निळा पेन काढला, ऐटीत १ लिहिलं आणि घडी करून पेटीत टाकलं. बाहेर आल्यावर रांगेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं, "जांभळा स्केचपेन वापरलात ना?" केंद्रावर दिलेल्या त्या जांभळ्या स्केचपेननेच लिहायचं असतं, नाहीतर मत बाद. पेन टेबलावर दोरीने बांधलेला होता. मी पाहिलाच नव्हता.